बॉल्सब्रिजला गेलेली तुझी पत्रं

सुमन,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असं त्या लोकांनी सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण काय, मागं कोण कोण, ते आपल्या पोरानं, नितीननं आधीच टाइप करून ठेवलंय. त्यात तू फार सोज्वळ बाई दिसतेस. कष्टाळू, प्रेमळ, सगळ्यांची लाडकी. मी दोनदा वाचलं आणि म्हणलं, ही कोण? माझी बायको तर पक्की लबाड होती.

हे वाचून अश्विनी रागावणार. रागावू दे सुनेला. सत्तेचाळीस वर्षं तुझ्याबरोबर काढली, एवढं बोलायचा मला हक्क आहे. मी चौथी शिकलेला माणूस, बस डेपोत टायर बदलण्यात जन्म गेला, मला गोड लिहिता येत नाही. नातीच्या, मैत्रीच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहितोय, निम्म्या पानांवर तिची गणितं आहेत.

तू मला फसवलंस. ते मला तू गेल्यावर एकोणीस दिवसांनी कळलं, आणि तेही बारा वर्षांच्या नातीच्या तोंडून.

त्या दिवशी वैदेही आली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बॉल्सब्रिजची वैदेही, चार वर्षांपूर्वी जिच्या बाळाला तू दोन महिने आंघोळ घालायला जायचीस ती. मला वाटलं भेटायला आली. चहा दिला, तो तिनं नुसता हातात धरून ठेवला. मग पर्समधून तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

"काका, आम्ही तो फ्लॅट जानेवारीत सोडला. नवीन भाडेकरूंनी आमचं टपाल एका खोक्यात टाकून ठेवलं होतं. काल आणायला गेले, तर त्यात ही..."

पाकिटांवर तुझं नाव होतं. तेवढं मला इंग्रजीत वाचता येतं. खालचा पत्ता आपला नव्हता.

मैत्री नुकतीच शाळेतून आलेली, गणवेशातच होती. तिला म्हणलं, वाच. तुला ठाऊकच आहे, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच देते, तेही इथल्या आयरिश हेलात. तिनं पहिलं फोडलं. हॉस्पिटलचं पत्र. छातीच्या तपासणीसाठी अमुक दिवशी सकाळी साडेनऊला या. दुसरं फोडलं. तुम्ही आला नाहीत, ही नवी तारीख. तिसरं फोडलं. तुम्ही दोन्ही वेळा आला नाहीत, म्हणून तुमचं नाव यादीतून काढलंय, पुन्हा आपल्या डॉक्टरकडं जा.

पोरगी थांबली. मागं आणखी काही लिहिलंय का म्हणून कागद उलटून बघितला. मग म्हणाली, "आबा, दे थॉट आजी डिडन्ट वॉन्ट टु कम."

त्यांना वाटलं, आजीला यायचंच नव्हतं.

मी विचारलं, "हिची पत्रं तुझ्या घरी कशी गेली?" वैदेहीनं नितीनकडं बघितलं. नितीननं खाली जमिनीकडं. अश्विनी प्रेसचं दार उघडून पाठमोरी उभी राहिली. इथं स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आपणही तेच म्हणायला लागलो होतो. दार उघडून नुसती उभी, घेत काहीच नव्हती. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, सुमन. माहीत नसलेला मी एकटा.

आता सगळं कळलंय. गेल्या वर्षी तुला जिना चढताना दम लागायला लागला. अश्विनीनं आपल्या ल्यूकनमधल्या आणि आसपासच्या सात दवाखान्यांना फोन केले. सगळीकडं एकच उत्तर, यादी भरलीय, नवीन पेशंट घेत नाही. मग वैदेहीनं तिच्या डॉक्टरकडं विचारलं. तिथं जागा होती, पण त्याच भागात राहणाऱ्यांसाठी. ती म्हणाली, काकू, माझा पत्ता घाला ना, त्यात काय एवढं. नितीननं फॉर्म भरला, तू सही केलीस. आणि म्हाताऱ्याला सांगायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत.

मग तू दर थोड्या दिवसांनी निघायचीस. दोन बस बदलून दीड तास. "वैदेहीच्या पोराला मालिश करून येते." मी दारात उभा राहून हात करायचो. ते पोरगं तीन वर्षांचं झालेलं, आपल्या पायानं जिने चढणारं-उतरणारं. तीन वर्षांच्या पोराला कोण मालिश करतं? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तू बोललीस म्हणजे झालं. असला आंधळा विश्वास.

जानेवारीत वैदेहीनं घर बदललं, तेव्हा फॉर्मवरचा पत्ता बदलायचं कुणालाच सुचलं नाही. हॉस्पिटलनं फोनसुद्धा केला असेल. पण अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवणारे असतात, हे नितीननं आपल्याला शिकवलेलं. तू त्याचं सगळं ऐकायचीस.

कुणाला बोल लावू? त्या डॉक्टरनं तुझी छाती ऐकली आणि लगेच हॉस्पिटलला लिहिलं. हॉस्पिटलनं दोनदा बोलावलं. पोस्टमननं लिहिल्या पत्त्यावर टाकलं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. बोट फिरून फिरून तुझ्याकडंच येतं. आणि तुझ्याकडून निघालं की थेट पुण्याला जाऊन थांबतं, तिथंच माझं तोंड बंद होतं.

आपली थोरली. आठ महिन्यांची होती. जुलाब थांबेनात. भर दुपारी रिक्षा बोलावली तर रिक्षावाला नाल्याच्या पुलावर उभा राहिला, वस्तीत येत नाही म्हणाला. तू तिला पदरात घेऊन पळालीस, मी मागं. दवाखान्यात त्या माणसानं विचारलं, कुठून आलात? तू वस्तीचं नाव सांगितलंस. त्यानं आपल्याला भिंतीकडच्या बाकावर बसायला सांगितलं आणि आपल्यानंतर आलेले चौघं आधी तपासले. आपली पाळी आली तेव्हा तिची मान पडलेली.

त्या दिवसानंतर तुझ्या तोंडून वस्तीचं नाव परक्या माणसासमोर कधी निघालं नाही. मी मात्र उलट झालो. मी जिथं तिथं सांगायला लागलो, छाती पुढं काढून. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. आपली दोघांची वाट तिथं फुटली, आणि भांडण काल-परवापर्यंत चाललं.

नाल्याच्या अलीकडं पेठ, पलीकडं आपण. मधे पन्नास पावलांचा पूल. तू अलीकडं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायचीस. तुझ्या हाताला नाव होतं. सुमनबाई डोकं गोल करून देतात, म्हणायच्या त्या बायका. आणि कुठं राहता विचारलं की तू सांगायचीस, इथंच, पेठेत, मावशीकडं. कसली मावशी? तुला मावशीच नव्हती.

एकदा मी तुला घ्यायला गेलो होतो. पाऊस लागला होता म्हणून छत्री घेऊन आलो, प्रेमानं. त्या घरच्या आजींनी विचारलं, तुम्ही सुमनबाईंचे मालक का? कुठं असता? आणि मी सांगितलं. वस्तीचं नाव, गल्ली, नळापासून तिसरं घर. आजींनी "असं का" म्हणलं आणि पाण्याचा तांब्या आत नेला. आठवड्यात तुझी तीन घरं सुटली. तू बारा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तेराव्या दिवशी भाकरी ताटात टाकताना म्हणालीस, "तुमचं खरं तुम्हाला लखलाभ होवो. मला पोरगा जगवायचाय."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. आज कळतं, तू त्या दिवशी ठरवलंस, या माणसाला पुन्हा काही सांगायचं नाही.

आणि नितीन जगला. त्या पेठेतल्याच पत्त्यावर शाळेत गेला, तू कुणा बाळंतिणीच्या सासऱ्याच्या हातापाया पडून चिठ्ठी आणलीस म्हणून. माझ्या खऱ्यावर तो वस्तीच्या शाळेत गेला असता आणि माझ्यासारखा टायर फिरवत बसला असता. तो शिकला, इंजिनियर झाला, इथं आला, आपल्याला घेऊन आला. हे घर, हा गालिचा, भिंतीतलं गरम पाणी, सगळं तुझ्या खोट्या पत्त्यावर उभं आहे. मग मी तुझ्यावर रागावू कशाच्या जोरावर? तरी रागावलोय. थांबत नाही तो.

इथं आलो तेव्हा मला वाटलं होतं, आता नाला मागं राहिला. नितीन फोनवर घर बघायचा, आठवतंय? घर आहे, म्हणायचे. मग हा आपल्या नावाचं स्पेलिंग सांगायचा, एकेक अक्षर, आणि स्पेलिंग संपेपर्यंत घर गेलेलं असायचं. कुणी वाईट बोललं नाही. सगळे सॉरी म्हणायचे. शेवटी ल्यूकनच्या कडेला ही नवी वसाहत मिळाली, आणि आत आल्यावर बघतो तर नायजेरियाचे, केरळचे, पंजाबचे, ब्राझीलचे. एकसारखी दोनशे घरं आणि सगळे असेच स्पेलिंग सांगून आलेले. इथं प्रत्येक घराला एक कोड असतो, तो टाकला की माणूस कुठल्या रांगेत राहतो ते कळतं. पुण्यात दोन प्रश्न विचारावे लागायचे. इथं एकात भागतं.

वसाहतीच्या तोंडाशी फळा होता, दवाखाना होणार म्हणून. चित्रात झाडं, बाकडं, पांढऱ्या कोटातली बाई. आठ वर्षं झाली. फळा पडला, गवत आहे. नितीन म्हणतो, आबा, डॉक्टरच कमी आहेत देशात, सगळ्यांनाच त्रास आहे. असेल. शेजारच्या बर्नीला विचारलं मी. आपल्या रांगेत राहिलेली ती एकटीच आयरिश. तिला डॉक्टर आहे. ती म्हणाली, माझ्या आईचा डॉक्टर तोच माझा, आई जिथं वाढली तिथला. म्हणजे इथं डॉक्टरही आईकडून येतो, सुमन. आपल्या आयांनी इथं काय ठेवलं होतं आपल्यासाठी?

तू माझ्याआधी ओळखलं होतंस. आल्यानंतर पहिल्याच महिन्यात आपण फिरायला गेलो, चौकापलीकडं ती उंच भिंत लागली. भिंतीमागं गाड्यांची घरं, दोन घोडी, दोरीवर कपडे. नितीननं सांगितलं, हे ट्रॅव्हलर लोक, इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे, पण वेगळे राहतात. गोरेपान लोक, आणि भिंतीमागं. तू फटीतून बराच वेळ बघितलंस. म्हणालीस, "ही आपली वस्ती."

मी म्हणलं, काहीतरीच.

"काहीतरीच काय? बघा ना. पोरं किती आहेत, आणि म्हातारं माणूस एक तरी दिसतंय का?"

मी बघितलं. दिसलं नाही. नंतर जाता-येता कितीदा बघितलं, पिकल्या केसांचं क्वचितच कुणी. आपल्या वस्तीत साठीशांत कधी कुणाची झाली, सांग? करायची नाही असं नव्हतं. करायला माणूस उरायचं नाही. पुलाच्या अलीकडं मात्र तू सहस्रचंद्रदर्शनं बघून यायचीस. एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा पाटावर, भोवती एक्याऐंशी दिवे, पणतवंडं मांडीवर. तू येऊन सांगायचीस आणि मला खोटं वाटायचं. पन्नास पावलांवर माणसं हजार पुनवा बघत होती. हवा तीच, नाल्याचा वास दोन्हीकडं तोच. मग काय वेगळं होतं? मी डेपोत एकाला विचारलं होतं, तर तो म्हणाला, खाणं-पिणं. मी म्हणलं, रिक्षा.

तुझी साठी मात्र आपण इथं केली. साठ पणत्या तू आठवडाभर वळत बसली होतीस, कणकेच्या. सगळ्या एकदम लावल्या आणि छताला लावलेला तो धुराचा भोंगा कोकलायला लागला. मैत्री उशी घेऊन उड्या मारतेय, नितीन स्टुलावर, आणि बर्नी अनवाणी पळत आली बादली घेऊन, तिला वाटलं आग लागली. तू पाटावरून हलली नाहीस. ओवाळून होईपर्यंत हलणार नाही म्हणालीस. मग बर्नीला दिव्यांच्या मधे बसवून तिलाही ओवाळलंस, ती "ग्रँड, ग्रँड" म्हणत रडायला लागली. त्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, "आता एक्याऐंशी पण करणार. इथं काय, रिक्षा दारात येते."

सहासष्टाव्या वर्षी गेलीस. पंधरा वर्षं बुडवलीस माझी. ही दुसरी फसवणूक.

मंडळाच्या लोकांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये, पण एक सांगायचंय. गणपतीत त्या शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या वर्षी गेलो तेव्हा एका बाईंनी विचारलं, "काकू, पुण्यात कुठे?" हसून विचारलं, मनात काही नसेलही. तू पटकन म्हणालीस, "पेठेतच." त्या खूश. "अय्या, कुठली गल्ली?" आणि मला खोकला आला. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "खोकला बरा झाला का?"

"तू इथंही पेठ काढलीस? सात समुद्र ओलांडून?"

"तुम्ही ओलांडले. प्रश्न ओलांडला का?"

नितीन गाडी चालवत होता, तो आरशात बघून म्हणाला, "आई, आबा, प्लीज." तुझं-माझं शेवटपर्यंत तिथंच अडलं. मी म्हणायचो, आपण लपवतो म्हणून ते विचारतात. तू म्हणायचीस, ते विचारतात म्हणून आपण लपवतो. आठ वर्षं आपण हेच वाक्य एकमेकांकडं टाकत होतो.

तू गेलीस त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. तू जिन्यावर बसलीस, चौथ्या पायरीवर, धुतलेल्या कपड्यांची बादली मांडीवर. म्हणालीस, "जरा बसते." मी म्हणलं, बस की. आणि मी चहा टाकायला गेलो. तुला दम लागतो हे मला माहीत होतं, वयामुळं लागतो असंच समजत होतो, तूच तसं सांगितलं होतंस. अँब्युलन्स येईपर्यंत मी रस्त्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत होतो, एकसारखी घरं, त्यांना कुठलं कळणार. तुझ्या मांडीवरून बादली बर्नीनं उचलली. दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतलं घर न् घर आलं. बर्नीनं सगळ्यांना रांग लावायला शिकवलं, एकेकानं येऊन माझा हात धरायचा आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं. नायजेरियाची ती उंच बाई, केरळची नर्स, सगळे तेच वाक्य. अंड्याची सँडविचं एवढी आली की दोन दिवस पुरली. चांगलं वाटलं, खोटं का सांगू. आपल्या वस्तीतही अशीच माणसं आली असती.

पत्रं वाचल्यावर वैदेही गेली आणि मी नितीनला धरलं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"आबा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या दवाखान्यात जाऊन खरा पत्ता सांगून आला असतात."

"मग?"

"मग आईला डॉक्टर मिळाला नसता."

"आता मिळाला का?"

तो माझा मुलगा, चाळिशी उलटलेला, ऑफिसात दहा माणसं हाताखाली. टेबलावर डोकं ठेवून रडला. म्हणाला, "आईनं शपथ घातली होती. म्हणाली, तुझे आबा छत्री घेऊन येतील."

छत्री घेऊन येतील. चाळीस वर्षांपूर्वीची छत्री, सुमन. तू विसरली नव्हतीस. तू मला फसवलंस, पण आधी मी खरं बोलून तुला उघडं पाडलं होतं, तुला न विचारता. तुझं खोटं आणि माझं खरं, दोघांनी मिळून ती पत्रं बॉल्सब्रिजला पाठवली. हे मी कबूल करतो. पण तू विचारायला पाहिजे होतंस. एकदा तरी म्हणायला पाहिजे होतंस, अहो, माझ्यासाठी तोंड बंद ठेवाल का? मी ठेवलं असतं. ठेवलं असतं का? आता ते कधीच कळणार नाही, आणि ते मला खातंय.

नंतर नितीनचा तो डॉक्टर मित्र आला, नागपूरचा, इथं मलिंगार गावी असतो. त्याला मी सरळ विचारलं, पत्र वेळेवर मिळालं असतं तर ही वाचली असती का? तो म्हणाला, "काका, कदाचित. नक्की नाही सांगता येत." मी म्हणलं, खरं बोललास, बरं वाटलं. मग तो म्हणाला, "एक सांगू का? कागदावरचा पत्ता वाचला ना, की मला बरेचदा अंदाज येतो, माणूस किती उशिरा आलाय. नागपूरलाही यायचा. इथंही येतो." मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचा श्वास पण ठीक नाही वाटत मला. तुम्ही कुणाला दाखवता?"

कुणालाच नाही.

दुसऱ्याच दिवशी वैदेहीचा फोन. "काका, आमच्या नव्या घराजवळ दवाखाना आहे. माझा पत्ता घाला. या वेळी मी स्वतः टपाल बघेन, रोज." भली पोरगी. तिचंही मन खातंय. नितीन म्हणाला, आबा, हट्ट करू नका. अश्विनी म्हणाली, आबा, आमच्यासाठी. मैत्री नुसती माझ्याकडं बघत बसली, आणि तिच्या डोळ्यांत तू बसली होतीस. घ्या तो पत्ता आणि जगा, असं म्हणत.

तू असतीस तर मी हरलो असतो.

मंगळवारी मी बर्नीला घेऊन ल्यूकनच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, "वी आर फुल, लव्ह." बर्नी तिच्याशी बराच वेळ काहीतरी बोलली, आवाज चढवून. शेवटी बाईनं एक फॉर्म दिला. जागा झाली तर कळवू, कधी ते सांगता येत नाही. मैत्रीनं मला आपला पत्ता इंग्रजीत काढायला शिकवला होता, वहीच्या याच पानामागं दहा वेळा लिहिलाय. घर नंबर, रांग, वसाहत, ल्यूकन, तो सात अक्षरांचा कोड. माझ्या हातानं लिहिला. अक्षरं वाकडी आली. खाली बर्नीनं फोन नंबर लिहिला, आणि आता अनोळखी फोन मी उचलतो, कुणाचाही असो. काल एक जण मला छप्पर विकत होता.

मूर्खपणा आहे, माहीत आहे. याच पत्त्यावर मला कधीच बोलावणं येणार नाही, असंही होईल. पण माझं पत्र आलंच तर या दारात येईल, दुसऱ्याच्या खोक्यात पडून राहणार नाही. आणि नाही आलं, तर निदान कुणी असं म्हणणार नाही की म्हाताऱ्याला यायचंच नव्हतं.

आज अंकाच्या त्या पोरीचा फोन आला होता. काकूंच्या फोटोखाली घालायचंय, काका, काकू पुण्यात कुठल्या?

सुमन, नाव माझ्या जिभेवर आलं. सत्तेचाळीस वर्षं ते जिभेवरच असतं, तुला माहीत आहे. मी तोंड उघडलं. आणि मला तू दिसलीस, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बादली घेऊन, माझ्याकडं बघणारी. आता छत्री आणताय का, असं विचारणारी.

मी म्हणलं, "पुण्याच्या. एवढंच छापा."

हा सगळा कागद परत वाच. वस्ती म्हणलंय, नाल्यापलीकडं म्हणलंय. नाव एकदाही लिहिलेलं नाही. अर्धं माझं, अर्धं तुझं. इतक्या वर्षांत एवढीच तडजोड जमली, आणि तीही तू समोर नसताना.

अकरा वाजत आलेत. पोस्टमन याच वेळेला येतो. दारातली पत्रांची झडप वाजते की नाही, ते ऐकत मी तुझ्या पायरीवर बसलोय.